चार हजार दोनशे पांढऱ्या पेशी

१० जाने. ७७, सोम.
इस्पितळाच्या लॅबमधल्या रक्ताच्या प्लेटी संपल्या. जंतू वाढवायला मेंढीचं रक्त लागतं, म्हणून बिरा आजाला निरोप धाडला. त्याचा कळप कवठे महांकाळकडून येऊन सध्या सांगलीत नदीकाठच्या मळ्यात बसलाय. आजा मेंढीची मान धरून उभा, मेंढी माझ्यापेक्षा शांत. जाता जाता म्हणाला, सून चार दिवसांची बाळंतीण, नातू कालपासून दूध ओढत नाही. "कोकरू गार पडून गप ऱ्हायलं का आमी वळखतो. ह्ये बी तसंच हाय बगा." मग आणलं का नाही? तर म्हणे उद्या पाचवी, सटवाई पुजल्याबिगर बाळ बाहेर काढायचं नाही, म्हातारी ऐकत नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सटवाईला इथंच बोलवा, पाट मी मांडते. दोन तासांत घोंगडीत गुंडाळून आणलं. सून तारा पाठोपाठ चालत.

११ जाने., मंगळ.
काल पुढचं लिहिलं नाही. हात धजेना.
बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. ताप नाही, उलट अंग गार. पांढऱ्या पेशी ४२००. फॉर्मवर छापलेलंच आहे, चार ते अकरा हजार. बसतंय की. "नॉर्मल" लिहून मोकळी. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरलीसुद्धा नाही. वॉर्डात म्हणाले, थंडी बाधली असेल, सकाळपर्यंत बघू.
संध्याकाळी आमचे लॅबचे इनामदार सर घरी निघता निघता रजिस्टर चाळत होते.
"सुमन, हा आकडा कुणाचा?"
चार दिवसांच्या बाळाचा, म्हटलं.
पिशवी ठेवून परत बसले. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो, तान्ह्या बाळाला नाही. त्याला याच्या दुप्पट तरी हव्यात. काच लावली. निम्म्या पेशी कोवळ्या, अर्ध्याकच्च्या. "जवान संपलेत याचे. आता भरतीतली पोरं पुढं धाडतंय शरीर." मला रडू फुटलं. "आधी वॉर्डात सांगून ये. मग रड."
जंतू वाढवायला रक्त घेतलं आणि लगेच इंजेक्शन सुरू. मध्ये चार तास गेले. माझ्यामुळे.

१२ जाने., बुध.
बाटलीत वाढवायला ठेवलेलं बाळाचं रक्त गढूळ. आजाच्याच मेंढीच्या प्लेटवर लावलं. बाळ तसंच. तारा पुढच्या जिन्यापाशी दिसली, म्हणून मागच्या जिन्यानं आले. भित्री आहे मी.

१३ जाने., गुरु.
प्लेटवर वाढ आली. रक्तातच जंतू. चालू आहे ते जेंटामायसीनचं इंजेक्शन त्यांना मारतं, हेही दिसलं. सर म्हणाले, औषध बरोबर पडलंय. मी हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही.
मग आजाला सगळं सांगून टाकलं. पहिला कागद मी चुकीचा लिहिला, चार तास माझ्यापायी गेले. तो पटक्याचं टोक चाळवत म्हणाला, "बाई, कळप हाकताना आमचं बी एखादं कोकरू मागं ऱ्हातं. कळलं का माघारी फिरायचं. तुमी फिरलासा न्हवं?" जेवण गेलं नाही.

१५ जाने., शनि.
चमच्यानं दूध घेतलं. दोनदा. ताराला चहा नेऊन दिला, पुढच्या जिन्यानं.

१९ जाने., बुध.
पेशी ११,८००, कोवळ्या मोजक्याच. टाच धरली तर पाय हिसडून घेतला लबाडानं.
सरांनी तान्ह्या बाळांचे आकडे तांबड्या शाईत लिहायला लावले, पुठ्ठा माझ्या टेबलावर टांगला. माझी चूक भिंतीवर, नाव मात्र कुठं नाही. वरती एक शब्द कळवला नाही. या माणसाचे उपकार कसे फेडू?
रहिमतपूरला आईला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, चूकसुद्धा.

२४ जाने., सोम.
इंजेक्शनं संपली. बाळ घरी, म्हणजे कळपात. उद्या कराडच्या अंगाला निघणार. आजानं माझ्या खांद्यावर घोंगडी घातली, नाही म्हणायची सोय ठेवली नाही.
जाताना वॉर्डातल्या डॉक्टरांनी ताराला सांगितलं की जंतूंनी किंवा या इंजेक्शनांनी एखाद्या बाळाच्या कानावर परिणाम होतो. आत्ता कळायचं नाही, चार-सहा महिन्यांनी दाखवायला आणा. ती माझ्याकडं आली. "ताई, तुमी रगात बगता. ह्येला ऐकू येतंय का, त्ये त्यात दिसंल का?"
नाही गं, म्हटलं, ते रक्तात दिसत नाही.
फाटकापाशी बाळ तिच्या खांद्यावर होतं. मी मागून जाऊन त्याच्या कानाजवळ हळूच टाळी वाजवली. हाललं नाही.
"निजलाय त्यो," तारा म्हणाली.
हो, म्हटलं, निजलाय.
डोळे मिटलेलेच होते. मी दोनदा वाकून बघितले.