अण्णांची पुढची खोली

तीर्थरूप अण्णा,

शरणार्थ. तुम्ही गेल्यावर काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पोचणार नाही ते कशाला लिहायचं? पण वहिनींचे दिवस भरले आहेत, आणि आज घरात जे झालं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. शिवाय मी दमले आहे. दमल्यावर माणूस एरवी न बोललेलं बोलतो.

तुम्ही सरकारी शाळेत आयुष्यभर उर्दूतून हिसाब शिकवलात. नोकरी संपून निवृत्तीचा वजिफा सुरू झाला, तशी पुढची खोली मोकळी केलीत आणि गावच्या पोरांना मराठी वाचायला बसवलंत. सकाळी तिथं तुमची लिंगपूजा, संध्याकाळी पोरांच्या पाट्या. उशिरा येणाऱ्या पोरासाठी तुम्ही जेवण थांबवायचात आणि आत्या आतून म्हणायच्या, "भाऊ, भाकरी वाळून चालली. पोरांना खाऊ घालू का तुला?"

मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा समाजातली चार माणसं दारात आली होती. पोरगी कुणाचंही रक्त पुसणार, बाळंतिणींत वावरणार, मग लग्न कोण करील? तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि म्हणालात, "अंगावर लिंग हाय त्याला कसलं सुतक? जन्माचाबी विटाळ न्हाय, मरणाचाबी न्हाय." ती माणसं गेली. त्या एका वाक्यावर मी सोलापूरचं शिक्षण पुरं केलं.

मग वहिनींच्या पहिल्या खेपेला ते वाक्य कुठं गेलं होतं?

सुटीत आले होते तेव्हा मी तुम्हाला समोर बसून सांगितलं होतं. मागच्या खोलीत उजेड नाही, धूर कोंडतो, जमीन शेणाची आहे. पुढच्या खोलीत खिडकी आहे, शहाबादी फरशी धुता येते. तुम्ही मान हलवलीत. "मला पटतं गिरिजा. पण तुझी आत्या ऐकायची न्हाय. बायकांच्या कारभारात मी पडत न्हाय."

मी परत गेले. पुढचं दादानं कळवलं. विळ्यानं नाळ कापली, वर राख दाबली, बाळ धनुर्वातानं गेलं. त्याला पुरून तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत आणि पोरांना शिकवायला बसलात. वहिनी मागं अंधारात होत्या. त्याचा राग मी धरला, आणि तुम्हाला समाधीत बसवलं त्या दिवशीसुद्धा तो पुरता गेला नव्हता.

या खेपेला वहिनींना बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. पण हल्ली रझाकारांमुळं सरहद्दीच्या नाक्यावर गाड्या अडवतात, बाईमाणसाला घेऊन जायची दादाची छाती होत नाही. त्याला दोष देत नाही. म्हणून मीच रजा घेऊन येडशीला उतरले. घरी येऊन पाहते तर आत्यांनी मागची खोली सारवून ठेवलेली, झरोक्यात पोतं कोंबलेलं.

मी म्हटलं, "आत्या, बाज पुढच्या खोलीत टाकायची."

"भाऊच्या पूजेच्या जागी बाळंतीण? गाव तोंडावर थुंकल."

"अण्णाच म्हणायचे, आपल्यात सुतक नाही."

"म्हणायला तुझा बाप, निस्तरायला आमी."

आत्या चुलीपुढं बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मागल्या टायमाला म्या दाराआड हुभी व्हते. तू सांगितलेलं समदं ऐकलं. वाटलं, भाऊ आता हाक मारतोय. त्यो एकदा म्हणला असता तर म्या तवाच बाज उचलली असती. आजवर त्याचा शबुद मोडलाय का म्या?"

अण्णा, हे तुम्हाला ठाऊक होतं का? गावाला समजावलंत, आणि सख्ख्या बहिणीला विचारलंही नाहीत. ती नाही म्हणेल हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. आणि तुम्ही बोलत नाही म्हणजे तुम्हाला नको आहे, असं तिनं ठरवलं. मधल्यामधे बाळ गेलं.

आम्ही दोघींनी बाज हलवली. तुमचा पाट आणि विभूती मी उचलायला गेले, तर आत्या म्हणाल्या, "र्‍हाऊ दे, तुझ्या हाताला फिनेलचा वास मारतोय." त्यांनी पूजा देव्हाऱ्यात नेली. पोरांचा वर्ग आता दादा घेतो, तो महिनाभर देवळात भरेल. कात्री आणि दोरा मी उकळून झाकून ठेवले आहेत. वहिनी खिडकीशी पडून आहेत. घाबरल्या आहेत, पण दर थोड्या वेळानं बाहेर बघतात.

राग आता उरला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तुमच्यामुळंच मी या कामाची झाले, हेही तितकंच खरं आहे. एवढं वचन देते: या घरात यापुढं कुणी बाई अंधारात बाळंत होणार नाही. आणि एखादी गोष्ट मला पटली, तर समोरचं माणूस ऐकणार नाही असं धरून मी गप्प बसणार नाही. आधी विचारीन.

वहिनी हाक मारतायत. जाते.

तुमची,
गिरिजा