उपटलेलं हिरवं तुरीचं झाड

मंठा, शुक्रवार, ५ डिसेंबर २००३

आज सकाळी साडेदहाला, मर रोगाचे नमुने न्यायला कृषी विद्यापीठातून आलेल्या त्या संशोधकानं माझं हिरवं तुरीचं झाड मुळासकट उपटलं. मर रोगानं अख्खी ओळ वाळली, तेवढं एकच तगलं होतं. बियाण्यासाठी ठेवलं होतं, म्हणून त्याला लाल फीत बांधली होती. फीत दिसली नाही? की दिसली म्हणूनच?

मी फक्त वाळलेली झाडं न्यायला सांगितलं होतं. आमचा सालदार विठ्ठल म्हणाला, "बाई, म्या न्हाई म्हनलं, पर सायबानं जल्दीत उपटलं बी."

साहेब हसून म्हणाला, "मॅडम, मर रोग आणणाऱ्या बुरशीतलं एक जनुक बाकीच्या जनुकांना हुकूम देतं. ते गप्प राहिलं, तर बुरशी मुळात शिरूनही रोग करत नसेल. तेच तपासायचंय."

शेंगा अजून कोवळ्या होत्या. आता बी कुठून आणू? कॉन्व्हेंटात आम्ही न विचारता दुसऱ्याच्या पेन्सिलीलाही हात लावत नव्हतो. जन्मभर विज्ञान शिकवलं मी. प्रश्न चांगला आहे, हेच जास्त झोंबतं.

उद्याच त्याला पत्र टाकते. माझ्या झाडाच्या मुळात बुरशी होती का? होती, तर गप्प का बसली? सोमवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. सोबत माझी लाल फीतही परत हवी.