रिकामा फटका

प्रिय भोंगाबाई,

हे नाव आता तुला शोभत नाही, असे तुझे म्हणणे असेल. परंतु बँडमध्ये ते ड्रमवाल्याने दिले तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. गेल्या मंगळवारी तुझी रेडिओवरील मुलाखत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. रिदम गिटार कोण वाजवीत असे, या प्रश्नावर तू म्हणालीस, "होता एक ठोकळा, छापखान्यातला. चौथी शिकलेला. मागे उभा राहून आपला खराखरा वाजवायचा." ठोकळा हे नाव मला मान्य आहे, स्टेजवर मी हलत नसे. चौथीही खरीच. खराखरा हा शब्द मात्र मी खपवून घेणार नाही.

छापखान्यात मी ट्रेडल मशीनवर कागद लावीत असे. त्या मशीनचा जबडा ठरल्या वेळी उघडतो व ठरल्या वेळी मिटतो. तेवढ्या अवकाशात कागद ठेवून हात बाहेर काढावा लागतो. माझी दहाही बोटे शाबूत आहेत, यावरून काय ते समज. तोच हात मी गिटारवर आणला. तो खाली-वर अखंड चालला पाहिजे, तारेला लागो अथवा न लागो. न लागलेला फटकाही मोजलेला असतो. गर्दी ओरडू लागली की ड्रमवाल्याचे हात पळू लागत. त्यास मी जागेवर आणी. लीड गिटार वाजवणारे महाशय हवेत उड्या मारीत, त्यांना उतरण्यास जमीन मी देई. बेसवाल्याच्या सुरांच्या वाटेत येणाऱ्या माझ्या जाड तारांना मी स्पर्श करीत नसे. सहा तारा आहेत म्हणून सहाही बडवणारा मनुष्य रिदम वाजवीत नाही, गोंगाट करतो. या कामात टाळ्या नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एकोणीस वर्षांत मी त्याबद्दल एकदा तरी कुरकुर केली का?

पुढे तू सर्वांना आवडणाऱ्या त्या थांबण्याबद्दल बोललीस. सगळी वाद्ये गप्प होतात आणि तू एकटी ओळ उचलतेस, ते. "ते मला उपजतच सुचलं," म्हणालीस! त्यावर मी इतक्या मोठ्याने बोललो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, रेडिओशी कशाला भांडताय? त्यांना ऐकू जातंय का?" म्हणून हे पत्र.

उपजत काहीही नव्हते. पहिल्यांदा हे घडले त्या कोंदट हॉलमध्ये तिसऱ्या कडव्याला तुझा श्वास तुटला होता. तुझी ओळ पडणार, हे पाहून मी दोन फटके रिकामे सोडले. ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिले व काठ्या उचलल्या. लोकांना वाटले, काय ही धिटाई! त्यानंतर ज्या ज्या गाण्यात तुला श्वास हवा असे, तेथे मी जागा करून दिली. जागा रोज बदलत असे. तुला कळू दिले नाही, हा सभ्यपणा होता की मूर्खपणा, हे मंगळवारपासून मला ठरवता येत नाही.

मुलाखतीत रेडिओवाल्यांनी तुमच्या तालमीचा तुकडा ऐकवला. तुझा नवा गिटारवाला मेहनती दिसतो, परंतु बोट शिरेल एवढीही फट ठेवत नाही. शेवटच्या ओळीला तुझा आवाज फाटला. तू हसून म्हणालीस, "वय झालं आता." वय झालेले नाही. खोटे बोलू नकोस. तुला जागा मिळत नाही.

शनिवारी तुझा शेवटचा कार्यक्रम आहे. आमंत्रण पोहोचले, मी येणार नाही. मात्र हजार लोकांसमोर तुझी ओळ पडलेली मला चालणार नाही. तुझा श्वास संपत आल्याची एक खूण आहे. ती तुला सांगत नाही. कळली तर तू ती लपवू लागशील. सोबतची बंद चिठ्ठी त्या गिटारवाल्यास दे, स्वतः उघडू नकोस. त्याने तुझ्या मागे, डावीकडे, दोन हातांवर उभे राहावे. तेथूनच ती दिसते. त्याहून जवळ येऊ नये, एवढे त्याला तोंडी सांग.

तुझाच,
ठोकळा