काकांच्या कादंबरीचा सिनेमा

३ जानेवारी
काकांच्या कादंबरीवरचा सिनेमा नक्की. पटकथा माझी. संकल्प : मूळचा शब्दही हलू द्यायचा नाही. दूरच्या ग्रहावर एकटा रेडिओ ऑपरेटर, वीस वर्षं पृथ्वीला हाका मारतो, उत्तर येत नाही. संपलं. त्या शेवटाने चाळीस वर्षं लोकांची झोप उडवली आहे. आईबाबांमागे मला काकांनीच वाढवलं. आता त्यांना दिसत नाही आणि डॉक्टर म्हणतात, फार तर वर्ष. त्यांनी एकच मागितलं, शेवट बदलू नकोस. शब्द दिला.

१९ जानेवारी
निर्माता म्हणतो, एकटा माणूस दोन तास कोण बघणार? रास्त आहे. ऑपरेटरला असिस्टंट दिली. तरुण आहे. गाभ्याला धक्का नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
काकांना पटकथा वाचून दाखवायला बसलो. असिस्टंटचं सांगायचा धीर होईना, म्हणून कादंबरीच वाचली. बिघडलं कुठे? गोष्ट तीच आहे. काका खूश. म्हणाले, तू तर काहीच बदललं नाहीस रे. स्वयंपाकघरात बायको म्हणाली, पस्तावशील. तिला सिनेमातलं काय कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ मार्च
दोन गाणी आली. ग्रहावर हवाच नाही, हे मी ठणकावून सांगितलं. दिग्दर्शकाने हवा घातली.

६ एप्रिल, रविवार
नववं प्रकरण वाचलं. काकांचे डोळे पाणावले. पटकथेत ते प्रकरण नाही. तिथे मारामारी आहे.

११ मे
शेवटासाठी जिवाचं रान केलं. मीटिंग चार मिनिटं चालली. पृथ्वीचं उत्तर येणार, पण माझ्या आग्रहामुळे जरा उशिरा येणार. पदरी पडलं पवित्र झालं. उद्यापासून ठाम राहायचं.

२१ ऑगस्ट
उद्या रिलीज. काकांना नेणं टाळायचं म्हणून सांगितलं, थिएटरात एसी फार असतो. त्यांनी कपाटातून स्वेटर काढायला लावला.
प्लॅन : शेजारी बसून कानात सतत वर्णन करायचं, म्हणजे संवाद ऐकूच येणार नाहीत. उत्तम प्लॅन आहे.

२२ ऑगस्ट, दुपारचा खेळ
पहिल्या गाण्यालाच काकांनी मला गप्प केलं. थोडा वेळ मान वाकडी करून ऐकलं. मग हळूच विचारलं, आपण चुकून दुसऱ्याच सिनेमाला आलोय का रे?
मी म्हणालो, हो काका, पडदा चुकला.
हात धरून बाहेर आणलं. जिना उतरताना तेच माझी समजूत घालत होते, की असू दे, गर्दीत होतं असं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी येऊन बाथरूममध्ये रडलो.

२५ ऑगस्ट
समीक्षक लिहितो, मूळ कादंबरीच पोकळ असावी. त्याला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. सही कुणाची करायची ते ठरेना. राहिलं.

२९ ऑगस्ट
सिनेमा सगळीकडून उतरला. काका सकाळपासून बूट घालून खुर्चीत बसले होते. आज खरं सांगायचं ठरवून त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, तिकिटंच मिळत नाहीत, हाऊसफुल्ल आहे.
काकांचा चेहरा उजळला. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. बायको उठून आत गेली.
किती दिवस अशी गर्दी राहील, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही.
ते म्हणाले, बरं, मग थांबतो मी.