दस्त्यावरची बेलाची खूण

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर, रविवार, ता. १० फेब्रुवारी १९७४

मी, रेवणसिद्ध रुद्राप्पा बडिगेर, वय वर्षे एकोणपन्नास, शिक्षण मराठी सातवी, धंदा बंदुकीचे लाकडी दस्ते बसवणे व किरकोळ सुतारकाम, मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, सध्या राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही की धाक घातलेला नाही. सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा उरकून लिहायला बसलो आहे, तेव्हा मन ठिकाणावर आहे असे धरायला हरकत नसावी. येत्या शुक्रवारी मिरजेला माझ्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण घरच्यांना बरोबर आणा, असेही म्हणाले. मी समजायचे ते समजलो. यापूर्वी असा लेख मी केलेला नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, परसू आणि पुढचा कारखाना, माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. माझ्यामागे ते माझी पत्नी नीलम्मा हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी ऊठ म्हणू नये. तिच्यानंतर ते आमची मुलगी मीनाक्षी हिला जावे. कारखान्याला उत्तरेकडे एक खिडकी आहे. तिच्यासमोर भिंत घालू द्या, असे शेजाऱ्याने दोनदा विचारले व दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. तो अजून बोलत नाही. लाकडाची शीर उत्तरेच्या उजेडातच नीट दिसते, हे त्याला पटवणे मला जमले नाही. माझ्यामागेही त्याला नाहीच म्हणावे.

कलम २. पोस्टातले पुस्तक नीलम्माच्या नावचे आहे. त्यात कोणाचा वाटा नाही.

कलम ३. माझा चुलतभाऊ शिवलिंग याने सात वर्षांपूर्वी माझी लाकडाची कानस नेली, तिने लोखंडी बिजागऱ्या घासल्या आणि दात पार गेल्यावर आणून दिली. वर म्हणाला, "जुनीच हुती की." ती कानस खिळ्यांच्या डब्यात आहे. ती शिवलिंगला द्यावी. दुसरे काही देऊ नये. बाकीच्या हत्यारांची व्यवस्था कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. लोखंडी कपाटात एक विलायती दुनळी बंदूक आहे. ती माझी नव्हे. शाहूवाडीकडचे वसंतराव इनामदार यांची आहे. परवान्याची नक्कल आणि माझी पावती तिच्याच कापडी पिशवीत आहे. नळ्या मिटल्या की सांध्यात केस शिरत नाही, असे तिचे काम. दस्ता मात्र आंब्याच्या लाकडाचा, कोणीतरी वेळ मारून नेण्यापुरता ठोकलेला. दिवाळीनंतर वसंतरावांनी ती आणून दिली व विचारले, अक्रोडाचे लाकूड मिळेल का. मी म्हणालो, बघतो. तीन महिने मी बघतोच आहे. अक्रोडाची फळी माझ्या डोक्यावर, माळ्यावर आहे.

या बंदुकीचा मूळचा मोडका दस्ता काढून दुसरा घालण्याचे काम आमच्याकडे १९६१ साली आले होते. तो दुसरा दस्ता मी घडवला होता. त्याविषयी पुढे लिहितो. लिहायला हे मृत्युपत्र लागले, याची मला लाज वाटते.

कलम ५. त्र्यंबक आण्णांच्या कारखान्यात मी अठरा वर्षे होतो. आण्णा बंदुकीचे लोखंडी काम करीत, दस्ते मी घडवी आणि लाकूड अंबादास पांचाळ निवडी. अंबादास माझ्याआधी दोन वर्षे कामाला लागलेला. त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण फळी हातात घेतली की तिचा सगळा जन्म तो सांगे. आधी वजन बघे. मग ओला हात फिरवून शिरा वर आणी. मग फळीचे एक टोक कानाला लावी आणि मला म्हणे, "खरवड." मी दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायचे. आत चीर नसेल तर आवाज लांबूनसुद्धा स्वच्छ येतो. अंबादास डोळे मिटून ऐके.

कारखान्याची एक रीत होती. दस्त्याच्या मागच्या टोकाला लोखंडी पट्टी स्क्रूने बसते. तिच्या आड, लाकडावर, ज्याने लाकूड निवडले त्याने आपली खूण कोरायची. ज्याने घडवले त्याने नव्हे. आण्णांचे म्हणणे, घडवताना चुकले तर कोणालाही दिसते, निवडताना चुकले तर गोळी उडेपर्यंत कळत नाही, म्हणून जबाबदार माणूस आत लिहिलेला असावा. अंबादासची खूण म्हणजे तीन पानांचा बेल.

त्या वर्षी आमच्याकडे काश्मिरी अक्रोडाच्या दोनच फळ्या होत्या. एक साधी, करड्या रंगाची, शिरा सरळ. दुसरी अशी की काहिलीत गुळाला उकळी आल्यावर काळ्यापिवळ्या रेषा जशा एकमेकींत शिरतात, तसे तिचे अंग होते. वसंतरावांचे वडील, थोरले इनामदार साहेब, दुसरी बघून उठेनात. अंबादास त्यांना तोंडावर म्हणाला, "साहेब, ही देव्हाऱ्याला घाला, कपाटाला घाला. बंदुकीच्या मानंला न्हाय. तितं शीर आडवी जातीया." घोड्याच्या मागे जिथे दस्ता बारीक होतो आणि मूठ बसते, त्याला आम्ही मान म्हणतो. बंदुकीचा सगळा दणका त्या मानेतून खांद्यात जातो. तिथे शिरा लांबीने धावल्या पाहिजेत. देखणेपण मागच्या रुंद भागात चालते, मानेत चालत नाही. हे मलाही माहीत होते. अंबादासने साध्या फळीच्या टोकावर बेल कोरला आणि बायकोच्या बाळंतपणासाठी आठ दिवस सासुरवाडीला गेला.

त्या आठ दिवसांत मी दस्ता देखण्या फळीचा केला.

का केला, हे तेरा वर्षे मी स्वतःला वेगवेगळे सांगत आलो. साहेबांची मर्जी होती, हे एक कारण. खरे कारण असे की आमच्या कारखान्याचा दस्ता कोणी उचलला की विचारायचा, लाकूड कोणी निवडले. घडवले कोणी, हे कोणी विचारत नसे. मला वाटले, असा एक दस्ता करावा की बघणाऱ्याने माझे नाव विचारावे.

दस्ता झाला. सुरेख झाला. पण अंबादासच्या निवडीशिवाय चांगल्या बंदुकीला लाकूड लावायला आण्णा परवानगी देत नसत. म्हणून पट्टी बसवण्याआधी मी त्या जागी बेल कोरला. आण्णांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी खुणेवर अंगठा फिरवला आणि विचारले, "अंबादासचंच न्हवं?" मी म्हणालो, "व्हय."

अंबादासने निवडलेली फळी मी त्याच दिवशी पोत्यात गुंडाळून घरी आणली.

तिसऱ्या महिन्यात थोरले साहेब उसात रानडुकरामागे गेलेले असताना, बार काढताच तो दस्ता मानेत मोडला. ढलपी साहेबांच्या तळव्यातून आरपार गेली. त्यांचा उजवा अंगठा नंतर कधी वळला नाही. हाताला पट्ट्या बांधून ते कारखान्यात आले आणि दोन तुकडे आण्णांपुढे ठेवले. आण्णांनी पट्टी काढायला लावली. बेल निघाला.

अंबादासने तो तुकडा उजेडाला धरला. म्हणाला, "खूण माझ्यासारकी हाय. लाकूड माझं न्हाय." आण्णा म्हणाले, मग तुझे लाकूड कुठे आहे, दाखव. अंबादास कोपऱ्यात गेला, फळ्या हलवून बघितल्या आणि परत आला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रेवण्णा, तू हुतास की. कुटली फळी निवडलीती मी, सांग ह्यास्नी."

मी म्हणालो, "माझ्या ध्यानात न्हाय."

गळ्यात लिंग होते. ते छातीला लागत होते हे मला आठवते.

अंबादासने पटाशी पुसली, हत्यारे कापडात गुंडाळली आणि गेला. त्यानंतर बंदुकीच्या लाकडाला त्याने हात लावलेला नाही. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या बाजूला नवे बंगले होतात, त्यांच्या चौकटी तो ठोकतो. कंत्राटदाराच्या ट्रकमधून येईल ते लाकूड. कोल्हापुरात लाकडाची शीर त्याच्याइतकी कोणाला कळत नाही, आणि त्याला निवडायला कोणी सांगत नाही. आण्णा १९६८ साली वारले. त्यांच्याही कानावर मी हे घातले नाही.

ती फळी मी जाळू शकलो नाही की वापरू शकलो नाही. तिच्यावर त्याचा खरा बेल आहे. तरी ती फळी अंबादास पांचाळ याला द्यावी, आणि कानस सोडून माझी सर्व हत्यारेही त्यालाच द्यावीत. माझ्यामागे नीलम्माने त्याच्या घरी जावे आणि हे कलम त्याला कोणाकडून तरी वाचून दाखवावे.

कलम ६. मोडक्या दस्त्याचे दोन तुकडे आण्णांचा कारखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे आले. तेही माळ्यावर आहेत. ते जाळून टाकावेत.

पुरवणी. मंगळवार, ता. १२ फेब्रुवारी

वरील सहा कलमे लिहून झाल्यावर रविवारी दुपारी मी ती नीलम्माला वाचून दाखवली. कलम ५ तिने पहिल्यांदाच ऐकले. ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे तुमी जाणार सुटून. आनि त्येंच्या दारात तोंड घिऊन मी उबं ऱ्हायाचं, व्हय?" मी म्हणालो, तुला त्रास होत असेल तर पेठेतल्या गणपतराव गुरुजींना पाठव. ती म्हणाली, "पाय तुमचं चांगलं हायत. दुकतंय ते पोट." मग ताट परत मांडीवर घेऊन तांदूळ निवडू लागली.

सोमवारी पूजा झाल्यावर फळी सायकलला बांधली, तुकडे पिशवीत घातले आणि बावड्याला गेलो. एका नव्या बंगल्याच्या पडवीत अंबादास चौकटीवर रंधा मारत होता. केस पिकले आहेत. त्याने माझ्याआधी फळी बघितली. सोडवून घेतली, टोकावरचा बेल बघितला, फळी कानाला लावली आणि म्हणाला, "खरवड."

मी खरवडले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वाळलीया चांगली."

तिथेच उभ्याने मी त्याला सगळे सांगितले. इथे लिहिले आहे त्याहून कमी शब्दांत झाले. मृत्युपत्रात लिहिले आहे, हेही सांगितले. त्याने पिशवीतला मागचा तुकडा मागून घेतला आणि मी कोरलेल्या बेलावरून बोट फिरवले.

"माझ्यापरास ब्येस काढलास की रं," तो म्हणाला. "माझं डावं पान कदी पुरं आलं न्हाय. आण्णांचा अंगठा फिरला न्हवं ह्येच्यावर? मग त्यास्नी कळाय पायजे हुतं."

इतकी वर्षे त्याचा राग आण्णांवर होता, असे मला त्या वेळी कळले. त्यांना न्याय देता आला नाही तो माझ्या एका शब्दामुळे, आणि दोष दोघांनी एकमेकांना दिला. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तो शब्द तोंडातून निघाला नाही. त्यानेही माफ केले असे म्हटले नाही.

मग त्याने विचारले, "साक्षीला कोन?" मी म्हणालो, एक गणपतराव गुरुजी, दुसरा अजून ठरायचा आहे. तो म्हणाला, "मी येतो. पर आदी वाचून दावायचं. गुर्जींच्या म्होरं, मोठ्यानं."

गुरुजी म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये. त्यावरून पुढील बदल करीत आहे.

कलम ५ मधील देणगी रद्द. फळी सोमवारी अंबादासला पोचली, आता ती माझ्या मिळकतीत नाही. हत्यारे त्याने नाकारली, म्हणाला, "मला हायत." ती नीलम्माला द्यावीत, तिने हवी तशी वापरावीत किंवा विकावीत. वसंतरावांच्या दुनळीला ती फळी लावायला अंबादास कबूल आहे. फळी त्याने सध्या माझ्याच कारखान्यात ठेवली आहे. मी त्याला म्हणालो, दुसरा चांगला कारागीर बघ. तो म्हणाला, "निवडून झालंय माझं. घडवायचं तुजं ऱ्हायलंय." मिरजेहून परत आलो तर मी घडवीन. परत आलो नाही तर बंदूक वसंतरावांच्या हाती द्यावी आणि फळी कोणाला द्यायची ते अंबादासला विचारावे.

कलम ६ रद्द. तुकडे जाळायला अंबादासने मनाई केली आहे. मागचा तुकडा पट्टी काढून, खूण बाहेर दिसेल असा, कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर आज मी टांगला आहे. तो तिथून काढू नये. कोणी विचारले तर नीलम्माने किंवा मीनाक्षीने सांगावे की ही खूण रेवणसिद्धाने कोरली.

कलम १, २, ३ व ४ आहेत तशीच राहतील. शिवलिंगची कानससुद्धा.

आज दुपारी चार वाजता कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीपाशी बसून, पहिल्या ओळीपासून सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. नीलम्मा दारात उभी होती. "माझ्या ध्यानात न्हाय" या ओळीवर माझा आवाज गेला. गुरुजी कागद घ्यायला पुढे झाले. अंबादास म्हणाला, "त्येलाच वाचू द्या. म्होरं वाच." मी पुढे वाचले. नंतर सर्वांच्या देखत मी सही केली व त्यांनी माझ्या देखत केल्या.

ठिकाण: शुक्रवार पेठ, कोल्हापूर
तारीख: १२ फेब्रुवारी १९७४

लिहून देणार
(सही) रेवणसिद्ध रुद्राप्पा बडिगेर

साक्षीदार
१. (सही) गणपतराव बाळकृष्ण सासने, निवृत्त शिक्षक, शुक्रवार पेठ

२. अंबादास धोंडिबा पांचाळ, धंदा सुतारकाम, राहणार कसबा बावडा. सही करता येत नाही, सबब निशाणी: तीन पानांचा बेल, डावे पान आखूड. निशाणी त्याने स्वतःच्या हाताने काढली आहे.