बॅटरी काढून घेतली म्हणून काय झालं?

तीर्थस्वरूप वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार. (हो, अजून वाकता येतं. तुमच्या भाच्याने काही वेगळं कळवलं असेल तर ते साफ खोटं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की माझ्यासारखा कपाटात ठेवलाय? इकडे सगळे खुशाल आहेत. माझ्यावर रागावलेले आहेत, पण खुशाल आहेत.

तुमचं चार पानी पत्र पोचलं. या वयात हातात करवत घेणं तुला शोभतं का, असं तुम्ही दोनदा विचारलंय आणि दुसऱ्यांदा खाली रेघही मारलीय. तर वन्सं, शोभतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कटिंग मास्तर होते. साठ थर कापड टेबलावर पसरून विजेच्या सुरीने एका दमात कापायचे, आणि सगळ्यात खालच्या थरातली बाहीसुद्धा वरच्यासारखीच निघायची. तेव्हा शोभतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. आता तुमचे बंधू गेल्यापासून दोन वर्षांत अंगणातलं गवत पायरीपर्यंत आलं, तर तुमच्या भाच्याने निकालच दिला: आईला घर झेपत नाही, घर विकायचं आणि आईने त्याच्याकडे सहाव्या मजल्यावर यायचं. (तिथे गॅलरीत दोन कुंड्या आहेत. एकीत प्लॅस्टिकचं रोप आहे. सूनबाई दर रविवारी ते फडक्याने पुसतात. दुसरी रिकामी आहे, ती बहुतेक माझ्यासाठी असावी.)

म्हणून मी ते बॅटरीचं यंत्र आणलं. मोटरचा दांडा एकच, मागे बॅटरी खटकन बसते, आणि पुढचं तोंड कामाप्रमाणे बदलायचं. गवताचं वेगळं, कुंपण छाटायचं वेगळं, पाला उडवायचं वेगळं, आणि उंच फांद्यांसाठी लांब करवत. वायर नाही की पेट्रोल नाही. दुकानदार म्हणाला, "आजी, घरातल्या कुणाला तरी पाठवा, मी नीट समजावून सांगतो." मी त्याच्याच काउंटरवर चारही तोंडं काढून लावून दाखवली. (करवतीचं तोंड त्याला स्वतःला दोन खेपांत बसवता आलं होतं.)

गवत एका सकाळी संपलं. कुंपणाचं मात्र जरा चुकलं, ते मी मान्य करते, पण फक्त तुमच्यापाशी. आमच्या आणि शेजारच्या निरीक्षकांच्या मधलं हिरवं कुंपण डोक्याएवढं वाढलं होतं. हे निरीक्षक म्हणजे वजनमापांचे, आता निवृत्त. नऊ वर्षांत आमच्याशी नऊ वाक्यं बोलले असतील. मी घरापासून फाटकापर्यंत दोरी ताणली आणि तिच्याबरोबरीने सरळ कापत गेले. आता कापड टेबलावर सपाट पडतं, जमीन पडत नाही. आमचं अंगण फाटकाकडे चढतं. त्यामुळे सुरुवातीला खांद्याएवढं असलेलं कुंपण फाटकापाशी गुडघ्यावर आलं. वरची कड मात्र अशी सरळ, की गवंड्याने पाणसळ लावून बघावी! पण निरीक्षक त्या वेळी फाटकाजवळच बनियनवर दात घासत होते आणि रस्त्यावरून बायका चालल्या होत्या.

त्यांनी तोंडातल्या फेसासकट तुमच्या भाच्याला फोन केला. तो संध्याकाळी आला, यंत्राची बॅटरी काढली आणि ऑफिसच्या पिशवीत घातली. लहान मुलाच्या हातून काडेपेटी घ्यावी तशी. वन्सं, मी ज्याच्या शाळेच्या चड्ड्या कापल्या, त्याने! मी त्या रात्री जेवले नाही असं त्याने तुम्हाला कळवलंय. मी दोन वेळा जेवले. रागाने भूक लागते मला.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक फाटकाजवळच्या ठेंगण्या कुंपणावरून पाय टाकून सरळ आमच्या अंगणात आले. हातात न वापरलेलं ड्रिल. म्हणाले, "बाई, कंपनी एकच आहे. ही बॅटरी तुमच्या यंत्राला बसते का बघा." बसली. मग कळलं, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक फांदी तीन वर्षं आपटतेय, आणि शिडीला हात लावायचा नाही अशी त्यांच्या मुलाची ताकीद आहे. फोन केल्याबद्दलची दिलगिरी म्हणून त्यांनी बॅटरीच पुढे केली.

आम्ही काम रीतसर केलं. त्यांनी स्कूटरचं हेल्मेट घातलं, मी कारखान्यातला पोलादी जाळीचा हातमोजा. जमिनीवर खडूने चौकोन आखला, फांदीला दोर बांधून त्यांच्या हाती दिला. आधी खालून थोडी खाच मारली, म्हणजे साल फाटत नाही, मग वरून करवत लावली. पातं सरळ गेलं. फांदी कडाडली, त्यांनी दोर ओढला आणि ती धाडकन चौकोनात पडली. निरीक्षकांनी टेप काढून मोजलं. एक वीत बाहेर. त्यांनी टेप खिशात घातली आणि म्हणाले, "पास." एवढ्या वर्षांत इतकं छान माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात तुमचा भाचा घर बघायला एक गिऱ्हाईक घेऊन फाटकात उभा! मी करवत हातात घेऊनच पुढे गेले. गिऱ्हाईक अचानक आठवलेल्या कामाला निघून गेलं. भाच्याने अंगण बघितलं, फांदी बघितली, मग पिशवीतून बॅटरी काढून स्वतःच चार्जरला लावली आणि म्हणाला, "सहा महिन्यांनी बोलू." बोलू दे. सहा महिन्यांनीही माझं उत्तर हेच आहे, आणि तोवर सरावही झालेला असेल.

तब्येतीला जपा.

तुमची हट्टी भावजय

ता. क. मी पडले म्हणून जे तुमच्या कानावर आलंय, ते चूक आहे. निरीक्षक पडले. मी त्यांच्यावर पडले.

ता. क. दुसरा. खरं काम सांगायचं राहिलंच. ते झाड निरीक्षकांचं नाही आणि माझंही नाही. मागच्या घरातल्या बाईंचं आहे. त्या लेकीकडे गेल्यात, सोमवारी परत येतील. शाळेत तुम्ही त्यांच्या वर्गाच्या बाई होतात, आणि अजून तुमचा विषय निघाला की त्या धाकाने खुर्चीतून उठतात. तेव्हा रविवारच्या गाडीने निघाच. मुक्काम चांगला आठ दिवसांचा धरा, त्या झाडाच्या अजून दोन फांद्या कापायच्या आहेत.