गप्प सर्व्हर आणि रविवारचा टेम्पो

ती. वन्सं यांना,

भावजयीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि गुडघ्यावरून डॉक्टरांशी चालणारं तुमचं भांडण, दोन्ही जरा निवळलं असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. तुमचे भाऊ गेल्यापासून ‘बरी’ या शब्दात जेवढं मावतं, तेवढी.

रविवारी टेम्पो घेऊन येते, घर बंद करू, तू आमच्याकडेच राहा, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी ‘बघू’ म्हटलं, कारण नोकरी कायम होते का ते शुक्रवारी कळणार होतं. झाली तर घर चालवणं मला झेपणार होतं. नाही तर तुमचा टेम्पो होताच. आणि नेमकं गुरुवारी मी जे करून ठेवलं, ते तुमच्या लेकीने तुमच्या कानावर घातलं नसणार. तिच्याच शब्दावर मला घेतलंय, तेव्हा नाक तिचंही कापलं जात होतं.

आधी काम सांगते. लोकांचे संगणक दूर कुठेतरी भाड्याच्या जागेत चालतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांच्यावर नजर ठेवणारं एक साधन आमच्या ऑफिसने केलंय. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. राखणदार बघतो आणि एआय एजंटांना सांगतो. हे एजंट म्हणजे संगणकातले गडी (पगार नाही, जेवण नाही, उलट उत्तरही नाही). काय दिसलं तर काय करायचं, हे ते माहितीच्या पानांत वाचतात, आणि ती पानं मी लिहिते. लोक माहितीपुस्तिका वाचत नाहीत, हे मला मिक्सर घेणाऱ्या प्रत्येक शेजारणीवरून माहीत होतं. हे गडी वाचतात. वाचतात तेच करतात. इथेच घात झाला.

मी लिहिलं होतं, जो सर्व्हर फार काळ गप्प असेल त्याला काम नाही असं समजून तो बंद करावा. रिकाम्या खोलीतला दिवा विझवतो, तसं. विझवण्याआधी आत कोणी झोपलंय का ते माणूस बघतोच, ते काय लिहायचं?

सकाळी एजंटाने पान वाचलं आणि कामाला लागला. पडद्यावर हिरव्या चौकटींची रांग असते, त्यातली एकेक राखाडी व्हायला लागली. तुमची लेक धावत आली. “मामी, काय लिहिलंस?” यादीत पुढे रक्तपेढीचा राखीव सर्व्हर होता. मुख्य सर्व्हर पडला तरच तो जागा होतो, एरवी गप्पच असतो. आणि मुख्य त्या दिवशी सकाळपासून धापा टाकत होता.

थांबवायचं बटण होतं, पण त्याची परवानगी फक्त साहेबांना, आणि साहेब लिफ्टमध्ये. (ते लिफ्टमध्ये फोन उचलत नाहीत. तत्त्व आहे.) प्रत्येक सर्व्हर बंद करण्याआधी एजंट पान पुन्हा वाचतो, एवढीच फट होती. तुमची लेक म्हणाली, “लिही. तूच लिही, एकाच पानात दोघींची भाषा आली तर तो घोळ घालेल.” मागे अख्खं ऑफिस उभं आणि माझी बोटं नको त्या अक्षरावर. लिहिलं: मालकाला विचारल्याशिवाय कोणताही सर्व्हर बंद करू नये; उत्तर येईपर्यंत हात लावू नये. रक्तपेढीच्या आधीची चौकट राखाडी झाली. मग काहीच झालं नाही. वन्सं, काहीच न होणं इतकं सुंदर असतं हे मी विसरले होते.

बंद झालेले सगळे पुन्हा सुरू केले. त्यातलं कोणी दगावलं नाही.

फक्त आमच्या नोंदीत निम्म्या सर्व्हरांचे मालक म्हणून साहेबांचंच नाव लागलेलं होतं. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं, तेव्हा त्यांचा फोन टेबलावर थरथरत सरकत होता. एजंट एकेका सर्व्हरबद्दल नम्रपणे विचारत होता. मी राजीनामा तोंडपाठ करून गेले होते. साहेब म्हणाले, “बाई, आता असं लिहा की रोज रोज मलाच विचारणार नाही. त्यानंतरही बरंच लिहायचंय.” नोकरी अशीही कायम होते.

लेकीला रागावू नका.

तुमची,
भावजय

ता. क. मी येत नाही. घर शांत असतं हे खरं, पण त्यात मी असते.

ता. क. २. तरी टेम्पो येऊ द्या. ऑफिसने मोठा पडदा आणि टेबल दिलंय, ते ठेवायला जागा नाही. तुम्ही आम्हाला लग्नात दिलेला सोफा न्या. त्यावर कोणालाच धड बसता आलं नाही, तुमच्या भावाने तुम्हाला सांगितलं नाही इतकंच.

ता. क. ३. त्यांच्या खुर्चीला मात्र हात लावू नका. मी कामाला तिथेच बसते.